उतारा वाचला, पण कळला का?

"टीचर, खरं सांगा. तिला उर्दू मिडियममध्ये घातलं, तीच आमची चूक झाली का?"

काळाचौकीच्या नाक्यावर भाजी घेताना एका आईने मला हे विचारलं. हातात मेथीची जुडी, आवाज हळू. तिची मुलगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली, आता बारावीला आहे आणि तिला वकील व्हायचंय. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी जी परीक्षा असते, क्लॅट, तिची ती तयारी करतेय. क्लासमधल्या सराव परीक्षेत १२० पैकी ३१ गुण पडले होते. घरी रडारड झाली. आणि घरातल्यांनी निष्कर्ष काढून टाकला होता की दोष उर्दूचा.

मी तिथे "नाही हो, तसं काही नाही" असं म्हणून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्यासोबत जिना चढून आला. मी वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. चूक झाली असेल तर त्यात माझाही हात आहे. म्हणून हा लेख त्या माऊलीला दिलेलं उशिराचं उत्तर समजा.

आधी परीक्षा काय आहे ते पाहू, कारण आपल्याकडे पुष्कळ पालकांना ती ठाऊक नसते. क्लॅटचं स्वरूप २०२० पासून बदललं. पूर्वी सामान्य ज्ञान, कायद्यातल्या संज्ञा, शब्दार्थ असे सुटे प्रश्न असत. पाठ करणाऱ्याचं भागायचं. आता बहुतेक सगळी परीक्षा उताऱ्यांवर आहे. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा आणि त्याखाली प्रश्न. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचा तर्क, सामान्य तर्क, सगळीकडे उतारेच. गणितसुद्धा माहितीचा मजकूर वाचून सोडवायचं. १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. एका उताऱ्यावर पाच-सहा प्रश्न धरले तर दोन तासांत वीसेक उतारे, म्हणजे नऊ-दहा हजार शब्द वाचून वर उत्तरंही द्यायची. आणि कायद्याच्या भागात कायदा आधी माहीत असण्याची अपेक्षाच नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तो समजून घेऊन नव्या प्रसंगाला लावायचा, एवढंच.

"एवढंच" म्हणाले खरं. पण नेमकं हेच आपण शाळेत शिकवत नाही.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. तिच्या मते रोग साधा होता: "टीचर, माझं इंग्लिश कमजोर आहे." मलाही तसंच वाटलं. तिने आणलेल्या पेपरात महागाई आणि रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरावर एक उतारा होता. पाचांतली दोनच उत्तरं बरोबर. मी एक गंमत करून पाहिली. तो उतारा आणि प्रश्न रात्री बसून उर्दूत उतरवले आणि आठवड्याने, तिला न सांगता, तिच्यापुढे ठेवले. पाचांतली तीन बरोबर आली. दोनाची तीन, बस्स. तिच्या मातृभाषेत, तिच्या शाळेच्या भाषेत, माझ्या स्वच्छ हस्ताक्षरात. इंग्रजीची भिंत पाडली, तर मागे आणखी एक भिंत उभी होती.

मग उलटी गंमत केली. एक इंग्रजी उतारा शोधला, भाषा आधीच्याइतकीच अवघड. विषय होता भाडेकरू, घरमालक आणि भाडेहक्काचं हस्तांतर. पोरीने पाचच्या पाच बरोबर सोडवले, तेही माझ्या आधी. का? कारण तिचं घर पागडीच्या खोलीत आहे. इमारत उपकरप्राप्त. पागडी म्हणजे काय, भाड्याची पावती कोणाच्या नावावर, खोली दुसऱ्याच्या नावावर करताना मालक आपला वाटा कसा मागतो, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची नोटीस म्हणजे काय, हे सगळं तिने जेवताना ऐकलंय. उताऱ्यातल्या चार-पाच इंग्रजी शब्दांचे अर्थ तिला येत नव्हते, पण अडलं नाही. विषय ओळखीचा होता, म्हणून शब्दांनी स्वतःच आपली ओळख करून दिली.

यात मी काही नवा शोध लावलेला नाही. अमेरिकेत १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोन अभ्यासकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांना मागे टाकून गेली. त्यांचं बेसबॉल, आमची पागडी. मजकूर कळण्यासाठी डोळ्यांइतकीच पाठीमागची माहिती लागते. जगाबद्दल जेवढं ठाऊक, तेवढा उतारा सोपा.

यावरून कोणी म्हणेल, मग मुलांना माहिती भरवा, झालं. पण माहिती असूनही उतारा हातातून निसटतो, तो आपल्या वाचायच्या सवयीमुळे. इथे मला माझ्याच पेशाची कबुली द्यायची आहे.

बीएडला आम्हाला पाठ घ्यायला शिकवलं. आधी शिक्षकाचं आदर्श वाचन, मग मुलांचं अनुवाचन, प्रकट वाचन आणि शेवटी मूकवाचन. पाठ टाचणात मूकवाचनाला पाच मिनिटं असत. ती पाच मिनिटं प्रत्यक्षात कशाची होती? फळ्यावर प्रश्न लिहून घेण्याची. मुलं शांत बसली की मूकवाचन झालं असं आम्ही समजायचो. त्यांच्या डोक्यात त्या वेळी काय चाललंय हे विचारायची वेळ टाचणात नव्हती. मोठ्याने, न अडखळता, शुद्ध उच्चारात वाचणारा मुलगा तो "छान वाचतो". वाचलेल्याचा अर्थ त्याला कळला का, हे कोणी पाहिलं?

पुढे उताऱ्यावरचे प्रश्न कसे सोडवायचे हेही मीच शिकवलं. प्रश्नातला ठळक शब्द धरा, तो उताऱ्यात शोधा, ते वाक्य उतरवून काढा. पाच गुण वसूल. उतारा न समजताही हे जमतं. उद्या मी तुम्हाला निव्वळ अर्थहीन शब्दांचा उतारा दिला, "टमक्याने गमक्याला झमकवलं", आणि विचारलं, गमक्याला कोणी झमकवलं? तुम्हीही बरोबर उत्तर द्याल. आकलन शून्य, गुण पूर्ण. दहावीला कृतिपत्रिका आली, त्यात आकलनाच्या कृती आल्या, अपठित उतारा आला, 'स्वमत' आलं. हेतू चांगलाच होता. पण बाजारात गाईडं निघाली आणि मुलं दुसऱ्याने लिहिलेलं स्वमत पाठ करू लागली. मी स्वतः वर्गात "हे स्वमत महत्त्वाचं आहे, लिहून घ्या" असं सांगितलेलं आहे. आज ते आठवलं की हसावं की रडावं कळत नाही.

आणि आपल्या घरांतली एक गोष्ट. ती बोलताना मी जपून बोलते, पण बोलते. आपली मुलं चार-पाच वर्षांची झाली की नाजरा सुरू होतो. अक्षरं, जेर-जबर-पेश, मग सलग तिलावत. भाषा अरबी, अर्थ ठाऊक नाही, पण वाचन अस्खलित. त्याचा आदर आहे, त्याचा सवाब आहे, मीही तशीच शिकले. पण मुलाच्या मनात वाचनाची पहिली व्याख्या तिथेच तयार होते: वाचन म्हणजे अक्षराचा आवाज करणं. शेजारच्या घरात अर्थ न समजता स्तोत्र म्हणायला शिकलेल्या मुलाचंही तेच होतं. शाळेने ही व्याख्या बदलायला हवी होती. शाळेने तीच पुढे चालवली.

गफ आणि टनमर या दोघांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं होतं. अक्षरं उलगडण्याचं कौशल्य गुणिले भाषेची समज, म्हणजे आकलन. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शंभर आणि दुसरी शून्य असली तर उत्तर शून्यच येतं. नाजरा शिकणारं मूल अक्षर-उलगड्यात पैकीच्या पैकी मिळवतं. अर्थाची बाजू कोरी राहते.

मात्र आपली परंपरा तेवढ्यावर थांबलेली नव्हती, हेही मुलांना सांगायला हवं. जुन्या मदरशांच्या किताबांत पानाच्या मध्ये मतन, म्हणजे मूळ मजकूर. त्यावर शरह, म्हणजे उलगडा. आणि कडेला हाशिया, म्हणजे त्या उलगड्यावरच्या टिपा. एकेका शब्दाचा अर्थ इथे हाच का, दुसरा का नाही, यावर तफसीरकारांनी पानंच्या पानं लिहिली. इकडे मराठीचं पाहा. ज्ञानेश्वरी म्हणजे गीतेवरची टीकाच. मराठीतला आद्य थोर ग्रंथ हा एका वाचकाने दुसऱ्यांसाठी केलेला अर्थाचा उलगडा आहे. म्हणजे नीट वाचणं हे इंग्रजी क्लासवाल्यांचं तंत्र नाही. ते आपल्या दोन्ही घरांतलं आहे, माळ्यावर ठेवून दिलेलं.

मला ते माझ्या अब्बांकडून मिळालं. अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातून येऊन गिरणीत लागले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि इतर हजारोंसारखी त्यांचीही नोकरी कायमची गेली. पुढे ते कॉटन ग्रीनच्या बाजूला एका गोदामात नोंदी ठेवायचं काम करत. शिक्षण सातवी. पण उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता यायचं, म्हणून आमच्या चाळीत गावाहून आलेली पत्रं घेऊन बायका त्यांच्याकडे येत.

एका श्रावणातली गोष्ट. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. शेजारच्या काकू आंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. दिराचं पत्र, साताऱ्याकडचं. अब्बांनी मोठ्याने वाचलं. इकडे सर्व क्षेम. पाऊस बरा झाला. चारा महाग झाला म्हणून म्हैस विकली. आई हल्ली ओसरीवरच झोपतात. गणपतीला जमलं तर या, नाही जमलं तरी हरकत नाही.

काकू खूश. "सगळं बरं आहे म्हणायचं." अब्बा काही बोलले नाहीत. पत्र पुन्हा मनात वाचलं. मग म्हणाले, "वहिनी, गणपतीची वाट बघू नका. याच आठवड्यात जाऊन या."

"का हो भाई? लिहिलंय तर सगळं ठीक."

"पाऊस बरा झालाय, तर श्रावणात चारा महाग कसा झाला? म्हैस चाऱ्यासाठी विकलेली नाही. पैसा लागला असणार. आणि म्हातारी आत झोपत होती ती ओसरीवर का आली? येणारी-जाणारी माणसं बघायला येत असतील. तो लपवतोय, तुम्ही घाबरू नये म्हणून."

काकू गेल्या. सासूबाई खरंच अंथरुणाला खिळल्या होत्या. दोघींची भेट झाली. काकू नंतर कितीतरी वर्षं म्हणायच्या, भाईंनी पत्र वाचलं म्हणून भेट झाली.

मी क्लॅटचे प्रश्न पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते पत्र आठवलं. "लेखकाने थेट न सांगितलेली पण उताऱ्यावरून निघणारी गोष्ट कोणती?" "पुढीलपैकी कोणते विधान लेखकाच्या म्हणण्याशी विसंगत आहे?" सातवी पास गिरणी कामगार हेच करत होता. त्याने अंदाज बांधला नाही. दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवली आणि ती जुळत नाहीत हे पाहिलं. पुरावा पत्रातच होता. श्रावणात गावाकडे चारा कसा असतो ही माहिती त्यांच्यापाशी होती. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांना पत्राशी देणंघेणं होतं. वाचण्यात चूक झाली असती तर एका बाईची शेवटची भेट हुकली असती.

तेव्हा मी त्या मुलीला घेऊन काय केलं ते सांगते. कोणाला उपयोगी पडलं तर पडो. यात जादू नाही, वेळ मात्र लागतो.

पहिले दोन आठवडे घड्याळ बंद. क्लासवाले पहिल्या दिवसापासून वेग सांगतात. पण ज्याला सायकल येत नाही त्याला जोरात चालव म्हणून काय उपयोग? रोज एकच उतारा. पेन खाली ठेवून शेवटपर्यंत वाचायचा. मग कागद पालथा घालायचा आणि लेखकाला काय म्हणायचंय ते दोन वाक्यांत सांगायचं. उर्दूत सांग, मराठीत सांग, आमच्या कोकणी बोलीत सांग, पण स्वतःच्या शब्दांत. पहिल्या दिवशी तिने उताऱ्यातलीच वाक्यं तोंडपाठ म्हणून दाखवली. मी म्हटलं, हे तर टेपरेकॉर्डरलाही जमतं. तुझ्या अम्मीला कळेल असं सांग. पोरगी गप्प. त्या गप्प बसण्यापासून आमचा अभ्यास सुरू झाला.

दुसरी गोष्ट, "हे कोण म्हणतंय?" उताऱ्यात लेखक बऱ्याचदा आधी दुसऱ्याचं मत मांडतो आणि मग ते खोडतो. "अनेकांना वाटते की..." इथून सुरू झालेलं वाक्य बहुधा लेखकाचं नसतं. आमची मुलं तेच लेखकाचं मत म्हणून उत्तरात निवडतात. म्हणून समासात खूण करायची: हे लेखकाचं, हे विरोधकाचं, ही नुसती माहिती. हाच तो जुना हाशिया.

तिसरी गोष्ट, छोटे शब्द. मुलं मोठ्या शब्दांना घाबरतात आणि छोट्या शब्दांवर आपटतात. मराठीतले मात्र, तथापि, केवळ, अन्यथा. उर्दूतले ताहम, अलबत्ता, बशर्ते. इंग्रजीतले अनलेस, ओन्ली, दो. मी तिला एक वाक्य बनवून दिलं: "भाडं थकलेलं नसेल तर भाडेकरूला काढता येणार नाही." आणि विचारलं, आता एकाने भाडं थकवलं, त्याला काढता येईल का? ती लगेच म्हणाली, "हो." मी म्हटलं, वाक्यात कुठे लिहिलंय? भाडं भरणाऱ्याला काढता येत नाही, एवढंच लिहिलंय. थकवणाऱ्याचं काय करायचं, त्याबद्दल वाक्य गप्प आहे. कदाचित त्याला आधी नोटीस लागेल, कदाचित मुदत मिळेल. वाक्य जिथे गप्प आहे तिथे आपणही गप्प राहायला शिकणं, ही वकिलीची पहिली पायरी आहे. त्या दिवशी तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

चौथी, बोट ठेवणं. उत्तर निवडलंस ना, मग ज्या ओळीमुळे निवडलंस तिच्यावर बोट ठेव. बोट ठेवता येत नसेल तर ते उत्तर खरं असेल, चांगलं असेल, पण उताऱ्यातलं नाही. उत्तर जगात खरं आहे म्हणून निवडायचं नाही. आपल्या भावनेला पटतं म्हणून तर मुळीच नाही. आपल्या समाजाबद्दल, धर्माबद्दल, एखाद्या निकालाबद्दल उतारा आला की मुलं उतारा वाचतच नाहीत, स्वतःचा राग वाचतात. मला हे समजतं, मीही माणूस आहे. पण न्यायालयात उभं राहायचं असेल तर समोरचा काय म्हणाला ते आधी त्याच्या शब्दांत नीट ऐकावं लागेल.

पाचवी गोष्ट आम्हा दोन-तीन भाषावाल्यांच्या फायद्याची. दर शनिवारी एकच बातमी तीन वर्तमानपत्रांत वाचायची: एक मराठी, एक इंग्रजी, आणि उर्दूसाठी १९३८ पासून मुंबईतून निघणारा 'इन्किलाब'. कोणी कोणती गोष्ट वर घेतली, कोणी शेवटच्या ओळीत ढकलली, कोणी गाळली, हे शोधायचं. आकलनाचा याहून चांगला वर्ग मला माहीत नाही आणि त्याला फी नाही. रेपो दर काय, अध्यादेश काय, जनहित याचिका काय, हे सगळं सहा महिन्यांत ओळखीचं होतं. मग परीक्षेतला उतारा परका वाटत नाही.

यात गमतीही होतात. मराठी बातमीत होतं की पालिकेने त्या प्रकरणी खुलासा केला. मुलीने अर्थ सांगितला, पालिकेने थोडक्यात सांगितलं. चूक नव्हती तिची. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश! मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. तसंच राजीनामा. मराठीत राजीनामा दिला की माणूस खुर्ची सोडतो. उर्दूत राजीनामा झाला की दोन भांडणारे समेट करतात. हरकत घ्या. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप, उर्दूत हालचाल. एकच शब्द, दोन घरांत दोन संसार. ज्या मुलाने हे एकदा पाहिलं, तो शब्दाचा अर्थ कधीही गृहीत धरत नाही, आजूबाजूचं वाक्य पाहतो. दुसरीकडे वकील, फिर्याद, दावा, वारस, मुदत, हुकूम, रद्द हे कचेरीतले मराठी शब्द उर्दूच्या मुलाला फुकट मिळालेले असतात. दोन भाषा येणं हे ओझं आहे असं मुलांच्या मनात भरवणाऱ्यांनी हा हिशोबही करावा.

आता एक आक्षेप. काही पालक म्हणतील, टीचर, हे सगळं ठीक, पण पेपर इंग्रजीतच आहे ना? हो, आहे. आणि ते मला अन्यायाचं वाटतं. नीट परीक्षा मराठीत आणि उर्दूतही देता येते. आपल्या राज्याची विधी प्रवेश परीक्षा इंग्रजीबरोबर मराठीत असते. क्लॅट मात्र फक्त इंग्रजीत. जी परीक्षा म्हणते, आम्ही पाठांतर नाही, समज तपासतो, तिने समज एकाच भाषेत असते असं धरून चालणं विचित्र आहे. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र जन्मापासून दारात पडतं त्या मुलाचं आकलन आणि आमच्या चाळीतल्या मुलाचं आकलन एका मापाने मोजलं जातं, आणि मापच एका घरात बनलेलं आहे. ही परीक्षा भारतीय भाषांतही व्हावी या मागणीवर मी सही करीन.

पण सही करून मी घरी बसणार नाही. कारण तो उर्दूत उतरवलेला उतारा मला विसरता येत नाही. दोनाची तीन. उद्या पेपर उर्दूत आला, मराठीत आला, तरी वाचायची सवय नसलेलं मूल तिथेच अडकेल. इंग्रजी तर वाढवावंच लागेल, त्याला पर्याय नाही. पण जे मूल उर्दूत लेखकाचा डाव ओळखायला शिकलं, ते इंग्रजीतही तोच ओळखतं. फक्त नवे शब्द शिकतं. ज्याने कोणत्याच भाषेत अर्थ शोधला नाही, त्याला इंग्रजी माध्यमात घाला, ते इंग्रजीत पाठ करील. इंग्रजी माध्यमातली अशी कितीतरी मुलं माझ्या इमारतीत आहेत. फाडफाड वाचतात. काय वाचलंस विचारलं की पुन्हा तेच वाचून दाखवतात.

म्हणून त्या आईला माझं उत्तर असं: उर्दूत घातलं ही चूक नव्हती. उर्दूत घालून घरात उर्दूचं एक वर्तमानपत्रही आलं नाही, आणि शाळेत आम्ही तिला मजकुराशी भांडायला शिकवलं नाही, ही चूक. अर्धी तुमची, अर्धी आमची. माझ्या वाटणीची मी फेडतेय.

मुलीचं काय झालं, असं वाचक विचारतील. परीक्षा डिसेंबरात आहे. परवाच्या सराव परीक्षेत ५४ आले. पवईच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या दारात उभं राहायला हे पुरणार नाही, हे तिला माहीत आहे, मलाही आहे. ती राज्याची प्रवेश परीक्षाही देणार आहे. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य होते, आणि त्याआधी कितीतरी वर्षं ते इथे जवळच परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चाळीत? आणि पुस्तकं कुठे ठेवायचे?" मी खूश झाले. प्रश्न विचारायला लागली म्हणजे वाचायला लागली.

आता शनिवारी संध्याकाळी असरनंतर माझ्या घरी ती एकटी येत नाही. नऊ मुलं असतात. दोन मराठी शाळेतली आहेत, एक इंग्रजी माध्यमाचा मुलगा आहे ज्याला त्याच्या आजीने कान धरून आणलं. खोली लहान आहे, चहा पाळीपाळीने प्यावा लागतो. मला पैसे नकोत, गाईडंही नकोत. काळाचौकी, घोडपदेव, लालबाग, शिवडी, जवळपास कोणी राहत असाल तर एवढंच करा. महिन्याची रद्दी विकण्याआधी त्यातली संपादकीयाची पानं काढून ठेवा आणि माझ्याकडे पोचवा. कोणत्याही भाषेची चालतील.